खरेदी, परवाना आणि प्रत: डिजिटल खेळांच्या मालकीचा प्रश्न

दिल्लीतील कॅनॉट प्लेसच्या पालिका बाजारात खेळून झालेली व्हिडिओ खेळाची तबकडी देऊन, वर काही रक्कम भरून, दुसरी घेण्याची प्रथा रूढ झाली. (तेथील सगळाच माल कायदेशीर असे असे नव्हे, तो प्रश्न वेगळा.) या देवघेवीमागील गृहीत ग्रंथव्यवहारातून आलेले आहे: कृती लेखकाची, परंतु विकत घेतलेली प्रत वाचकाची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे चौदावे कलम साहित्यकृतीच्या प्रती प्रसृत करण्याचा हक्क स्वामीला देते, मात्र आधीच प्रसारात असलेल्या प्रती त्यातून वगळते. जुन्या पुस्तकांचा बाजार उभा आहे तो या वगळण्यावर.

खेळाला हा न्याय लागू होतो का, हे खेळ कोणत्या प्रकारात मोडतो यावर ठरते. साहित्यप्रकारांची चर्चा करणाऱ्यांना येथे आपलाच जुना प्रश्न न्यायालयात उभा असलेला दिसेल. भारतीय कायद्यात संगणक-आज्ञावली ही 'साहित्यकृती'च आहे. तरीही तिच्यासाठी स्वतंत्र पोटकलम असून त्यात विक्रीचा व व्यापारी भाड्याचा हक्क वेगळा नोंदविला आहे. चित्रपटाचे पोटकलम आणखी निराळे. परदेशात रीतसर विकत घेतलेल्या चित्रपट-तबकड्या येथे भाड्याने देणे हा हक्कभंग होय, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला. ग्रंथाला मिळणारी सूट चित्रपटाला नाकारली गेली. पुढे २०१२ च्या दुरुस्तीने त्या पोटकलमाची शब्दयोजना बदलली. खेळात तर आज्ञावली, चित्र, संगीत आणि कथा एकत्र नांदतात.

युरोपात हा पेच उघड झाला. उतरवून घेतलेल्या आज्ञावलीची पुनर्विक्री युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये मान्य केली. त्या आधारे पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्ये 'स्टीम'वरील खेळांनाही तो हक्क दिला. २०२२ मध्ये अपील न्यायालयाने तो काढून घेतला, कारण खेळ म्हणजे केवळ आज्ञावली नव्हे.

'स्टीम'च्या करारानुसार ग्राहकाला मिळतो तो वापराचा परवाना, मालकी नव्हे. मराठी मुलखातील जुन्या जमीनव्यवहारात मिरासदाराला वंशपरंपरेचा आणि विक्रीचाही हक्क असे. उपरी धारा भरून जमीन कसे, पण ती त्याची होत नसे. डिजिटल ग्राहक उपरीच आहे. फरक इतकाच की उपरीला आपण उपरी आहोत हे ठाऊक असे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका करविषयक खटल्यात, करारात 'परवाना' म्हटले तरी व्यवहार मालाच्या विक्रीचाच आहे, असे ठरविले. पण तेथे विचार झाला तो आज्ञावली सामावलेल्या मूर्त वस्तूचा. ग्राहकाच्या पुनर्विक्रीचा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता.

मूर्त वस्तू हाती असणेही पुरेसे ठरत नाही. 'युबीसॉफ्ट'चा २०१४ मधील 'द क्रू' हा खेळ चालण्यासाठी कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी आवश्यक होती. ३१ मार्च २०२४ रोजी ते सर्व्हर बंद झाले, आणि ज्यांच्या कपाटात तबकडी होती त्यांचाही खेळ त्याच दिवशी थांबला.