पट्टीवरचा हिरवा रंग

सकाळी मुलाचे डोळे सुजलेले दिसतात. डास चावला असेल, ॲलर्जी असेल, असं म्हणत आठ-दहा दिवस डोळ्यांत थेंब घातले जातात. पुढे पोट फुगतं, नडगीवर बोट दाबलं की खळगा तसाच राहतो, आणि तेव्हा कुठे कुणीतरी लघवी तपासायला सांगतं. नेफ्रॉटिक सिंड्रोम, म्हणजे मूत्रपिंडातून लघवीत प्रोटीन गळण्याचा आजार, बऱ्याच घरांत असा उशिरा कळतो. खरं तर त्याचा माग एका मिनिटात लागतो, तोही बोटभर लांबीच्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर.

पट्टीच्या टोकाला रसायनात भिजवून वाळवलेला कागदाचा चौकोन असतो. त्यातलं टेट्राब्रोमोफिनॉल ब्लू आम्लात पिवळं असतं; अल्ब्युमिन हे प्रोटीन भेटलं की हिरवं आणि मग निळसर होत जातं. डब्यावरच्या रंगांशी ताडून 'निल', 'ट्रेस', 'वन प्लस' असं वाचायचं. थ्री प्लस म्हणजे डेसिलिटरमागे साधारण ३०० मिलिग्रॅम प्रोटीन. अमेरिकेतल्या माइल्स कंपनीत हेलन आणि आल्फ्रेड फ्री या दांपत्याने १९५०च्या दशकात अशा पट्ट्यांना आकार दिला. त्याआधी, १८२७ च्या सुमारास, लंडनच्या गाइज हॉस्पिटलचे रिचर्ड ब्राइट चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवत. याच रीतीने परीक्षानळीतल्या लघवीचा वरचा भाग तापवायचा, पांढरट गढूळपणा आला की ॲसिटिक ॲसिडचे थेंब टाकायचे; गढूळपणा विरघळला तर ते फॉस्फेट, राहिला तर प्रोटीन. पट्टी परवडत नाही तिथे ही रीत आजही उपयोगी आहे.

या आजारात मला सर्वांत मोलाची वाटते ती घरची वही. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केल्यावर बहुतेक मुलांची लघवी काही आठवड्यांत स्वच्छ होते, पण निम्म्याहून अधिक मुलांना आजार पुन्हा उलटतो, बरेचदा साध्या सर्दी-खोकल्यानंतर. तारीख, पट्टीचा रंग, गोळीचा डोस, वजन, ताप असेल तर ताप, एवढंच आई लिहिते. सकाळच्या पहिल्या लघवीत सलग तीन दिवस थ्री प्लस किंवा त्याहून जास्त आलं की आजार उलटला असं धरतात. सलग तीन दिवस निल किंवा ट्रेस आलं की आटोक्यात. अंगावर सूज चढण्याआधीच ही वही बोलते, म्हणून पहिल्या भेटीतच डॉक्टरांनी आईच्या हातात पट्टी देऊन ती वाचायला शिकवावी, असं माझं ठाम मत आहे.

पट्टीलाही जपावं लागतं. डबा उघडा राहिला की दमट हवेने चौकोन बिघडतो. लघवी फार अल्कधर्मी असली तर खोटा हिरवा येतो. काही पट्ट्यांवर जंतुसंसर्ग ओळखायला नायट्राइटचाही चौकोन असतो; तो निगेटिव्ह आला म्हणून तान्ह्या बाळाच्या लघवीत जंतुसंसर्ग नाहीच, असं मानता येत नाही: नायट्राइट तयार व्हायला लघवी मूत्राशयात काही तास राहावी लागते, आणि बाळ तर सारखंच शू करतं. कारण न कळणारा ताप असेल तर लघवी जंतूंच्या कल्चरलाच पाठवावी, शक्यतो प्रतिजैविक सुरू करण्याआधी.