दुटप्पीपणावर निबंध लिहिताना

स्टीव्हन्सनच्या १८८६ सालच्या ‘डॉ. जेकिल आणि मि. हाइड’ या छोट्या कादंबरीत औषध घेऊन जेकिलच हाइड होतो. ‘जेकिल सज्जन, हाइड दुर्जन’ असे लिहून आपण थांबतो आणि निबंध तेथेच फसतो. औषधापूर्वीही जेकिल दुहेरी आयुष्य जगत होता, हे त्याच्या अखेरच्या निवेदनात आहे. आम्हांस वाटते, हाच निबंधाचा मुख्य मुद्दा असावा. पुढे पुरावे द्यावेत. त्याच्या घराचे पुढील दार प्रतिष्ठित, मागील कळकट. दोघांच्या हस्ताक्षरांतील साम्य कळताच सचोटीचा वकील अटरसनही हाइडची चिठ्ठी तिजोरीत बंद करतो! मग लपवाछपवी एकट्या जेकिलचीच कशी? कथा सांगण्यापेक्षा असा प्रश्न सोडविणे, हाच खरा निबंध होय.