‘पडदा’ या शब्दाआड

सुरतच्या भेस्तान, उधना, पांडेसरा भागांतील खानदेशी मराठी घरांत डोळ्यांच्या आजारांची दोनच नावे सहसा ऐकू येतात : मोतीबिंदू आणि काचबिंदू. उतारवयात दृष्टिपटलाची जी झीज होते तिला नाव नाही; ‘पडदा खराब झाला’ एवढेच म्हणतात. परिभाषेतल्या ‘दृष्टिपटला’पेक्षा ‘पडदा’ मला जवळचा वाटतो, पण तो फसवतो. निर्जीव कापड नजरेसमोर येते (कापडाच्या शहरात तर लगेचच!). प्रत्यक्षात हे जिवंत पेशींचे पटल वजनाच्या मानाने शरीरात सर्वाधिक प्राणवायू वापरणाऱ्या ऊतींपैकी एक आहे. त्यावर सतत प्रकाश पडतो, आणि पेशींच्या आवरणांतली स्निग्धद्रव्ये प्राणवायूने सहज बिघडतात. लोखंड गंजावे तसेच काहीसे. यालाच ऑक्सिडीकारक ताण म्हणतात. त्याचा या झिजेत वाटा असतो. मग मधली नजर, सुईत दोरा ओवणारी, चेहरा ओळखणारी, अधू होते. मोतीबिंदूसारखे भिंग बदलून ती परत येत नाही.

अमेरिकेतील २००१ च्या मोठ्या चाचणीत क व ई जीवनसत्त्वे, बीटा-कॅरोटीन, जस्त आणि तांबे एकत्र दिल्यावर मध्यम अवस्थेतला आजार बळावण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी घटला. आजार मुळात टळला मात्र नाही. बीटा-कॅरोटीनने धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून २०१३ च्या दुसऱ्या चाचणीनंतर त्याच्या जागी ल्युटीन व झिॲझँथिन आले. पालक, मका, अंड्याचा बलक यांतही ती असतात. विडी ओढणाऱ्याने गोळ्यांवरचे घटक वाचून घ्यावेत. विडी सोडली तर अधिक बरे. दाराची सरळ चौकट वाकडी दिसू लागली, तर चष्म्याच्या दुकानात न जाता त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांना डोळे दाखवावेत.