लेकराच्या श्वासनळीत नळी : साधे पाते की कॅमेरा?

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या लेकराला मण्यार चावला, तर खूण फारशी दिसत नाही, दुखतही नाही. काही तासांनी पोट दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि श्वास मंदावतो. सर्पविषावरील इंजेक्शन लागतेच. पण लुळे पडलेले श्वासाचे स्नायू लगेच सावरत नाहीत. तोवर लेकराला जगवते ती श्वासनळीतील नळी आणि व्हेंटिलेटर. "मशीनवर टाकले म्हणजे संपले" असे समजून नकार देऊ नका.

नळी टाकताना स्वरयंत्र दिसावे लागते. त्यासाठीच्या उपकरणाला लॅरिंगोस्कोप म्हणतात. साध्या प्रकारात मूठ, पाते आणि दिवा असतो. डॉक्टर जीभ बाजूला सारून थेट डोळ्याने पाहतात. व्हिडिओ लॅरिंगोस्कोपमध्ये पात्याच्या टोकाजवळ कॅमेरा असतो आणि घसा पडद्यावर दिसतो. त्यामुळे शिकाऊ डॉक्टरला वरिष्ठ तिथल्या तिथे सांगू शकतात.

लेकरू म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. त्याची जीभ तोंडाच्या मानाने मोठी, स्वरयंत्र वरच्या बाजूला, त्यावरचे झाकण लांब आणि मऊ. वजनाच्या मानाने बाळाला प्राणवायू मोठ्यांच्या सुमारे दुप्पट लागतो, म्हणून साठा लवकर संपतो. नळी पहिल्याच प्रयत्नात जाणे म्हणूनच मोलाचे.

मग कोणते उपकरण चांगले? तथागतांनी कालामांना पारखून स्वीकारायला शिकवले. नवे म्हणून चांगले, असे इथेही मानू नये. डब्लिनच्या एका प्रसूती रुग्णालयातील अभ्यासात (२०२४) नवजात बाळांना पहिल्या प्रयत्नात नळी गेली ती कॅमेऱ्याने १०० पैकी ७४ वेळा, साध्या पात्याने ४५ वेळा. शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या एक वर्षाखालील बाळांच्या २०२० मधील अभ्यासात हेच आकडे ९३ आणि ८८ होते. म्हणजे तिथे फरक थोडा. नवजात सोडून इतर मुलांबाबतच्या २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात तर कॅमेऱ्याने वेळ जास्त लागल्याचे दिसले, पण तो पुरावा कच्चा होता.

कारण पडद्यावर दिसणे वेगळे आणि नळी वळवून तिथवर नेणे वेगळे. लाळ किंवा रक्ताने कॅमेरा झाकला, बॅटरी उतरली, बाळाच्या मापाचे पातेच नसले, तर महाग यंत्रही निरुपयोगी. तेव्हा साध्या पात्याचा सराव लागतोच. नळी जाईपर्यंत मास्क आणि अंबू बॅगने श्वास देता येणे तर सर्वांत आधी.

म्हणून रुग्ण कल्याण समितीत नम्रपणे, पण ठामपणे विचारा : लहान मापाची पाती, मास्क, नळ्या आहेत का? नळी योग्य जागी गेल्याची खात्री देणारा कार्बन डायऑक्साइड मॉनिटर आहे का? डॉक्टर-परिचारिकांचा पुतळ्यावर नियमित सराव होतो का? व्हिडिओ लॅरिंगोस्कोप असेल तर तो चार्ज आहे की कपाटात बंद?

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे संविधानाचे कलम ४७ सांगते. नागपूरच्या लेकराला जी सोय, ती सालेकसा-देवरीच्या लेकरालाही मिळाली पाहिजे. आपल्या हातातले आपण करू : लेकरांना खाटेवर, मच्छरदाणीत झोपवू. साप चावल्याची शंका आली तरी मांत्रिकाकडे न जाता लगेच १०८ ला फोन करू.