ट्रॉलीचा कुजलेला तळ बदलताना

पावसाळा सरताच ट्रॅक्टरच्या जुन्या ट्रॉलीचा लाकडी तळ खालच्या बाजूने अवश्य तपासावा. वरून फळी धडधाकट दिसते. परंतु ती लोखंडी आडव्या दांड्यावर जेथे टेकते, तेथे माती, शेणखत व पाणी साचून ती कुजते. अशा फळीत टोच्या सहज रुततो. भरल्या ट्रॉलीत ती मोडली तर माल सांडतोच. वर उभा असलेला हमालही जायबंदी होतो.

लाकडात २० टक्क्यांहून अधिक ओलावा टिकून राहिला की कुजविणारी बुरशी वाढते. म्हणून केवळ फळ्या बदलून भागत नाही. पाण्याला वाट करून द्यावी लागते. प्रथम दांडे तारेच्या ब्रशाने घासावेत, तडे असल्यास वेल्डिंग करून घ्यावे व रेड ऑक्साइडचा हात द्यावा.

फळ्या साग किंवा बाभळीच्या, वाळलेल्या व गाभ्याच्या घ्याव्यात. कडेचे पांढरे लाकूड टिकत नाही. दोन फळ्यांत सुमारे ५ मिलिमीटर फट ठेवावी. धान्य वाहताना खाली ताडपत्री अंथरावी. खिळ्यांऐवजी बोल्ट वापरावेत, म्हणजे पुढे एखादीच फळी बदलता येते. कापलेली टोके व भोके रंगाने बंद करावीत. वापरलेले इंजिन तेल लावू नये. ते धान्यास लागते.

खत वाहून झाल्यावर तळ धुवावा व ट्रॉली उतरती उभी करून वाळू द्यावी. ही सवय जडली तर नव्या फळ्या दीर्घकाळ सेवा देतील.