व्हिएन्ना नगरीचा उन्हाळा

वैशाखातील दुपार म्हणजे आपल्याकडे दारे-खिडक्या लावून, माठातले पाणी पीत घरात स्वस्थ बसण्याची वेळ. रस्ते ओस पडतात आणि जो तो पहिल्या पावसाची वाट पाहू लागतो. युरोपच्या मध्यभागी वसलेल्या ऑस्ट्रिया देशात मात्र लोक वाट पाहतात ती उन्हाची. त्या देशाची राजधानी व्हिएन्ना. डिसेंबरात तेथे दुपारी चार वाजताच अंधारून येते. झाडांवर पान राहत नाही आणि माणसे जाड लोकरी कपड्यांत अंग लपेटून लगबगीने घर गाठतात. जूनमध्ये हेच नगर पाहावे, तर ओळखू येत नाही. पहाटे पाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि रात्रीचे नऊ वाजत आले, तरी आकाशात उजेड असतो. या दीर्घ दिवसांतील एक घटकाही वाया जाऊ नये, अशा आतुरतेने लहानथोर सारे घराबाहेर पडतात.

कॉफीगृहांचे मालक आपली टेबले नि खुर्च्या पदपथावर मांडतात. तेथे एक पेला कॉफी मागवून, वर्तमानपत्र वाचत दोन तास बसले, तरी कोणी उठवीत नाही. कॉफीबरोबर थंड पाण्याचा पेला न मागता येतो. इटलीतून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांची आइस्क्रीमची दुकाने गजबजून जातात. कोणी नदीवर पोहावयास जातात, कोणी चेस्टनट वृक्षांच्या सावलीत फिरतात, तर कोणी सायंकाळी उघड्यावर संगीत ऐकतात. यांतील पुष्कळ सुखांना पैसा मुळीच पडत नाही आणि उरलेल्यांना फार थोडा पडतो. परंतु ही सुखे पूर्वीपासून सर्वांची नव्हती. एकेका सुखाच्या दाराशी एके काळी पहारा होता. ती दारे कशी उघडली, आणि मध्यंतरी काहींच्या तोंडावर ती कशी बंद झाली, हे समजल्यावाचून या नगरीचा उन्हाळा नीट समजावयाचा नाही.

प्रथम प्राटरचे उदाहरण घेऊ. डॅन्यूब नदीच्या काठी रान आणि कुरणे यांचा हा विस्तीर्ण प्रदेश आहे. सोळाव्या शतकात सम्राट दुसरा मॅक्सिमिलियन याने तो शिकारीसाठी राखून ठेवला. पुढे दोनशे वर्षे तेथे राजघराण्यातील मंडळी शिकार करीत आणि सरदारांच्या गाड्या फिरत. सामान्य नागरिकास मज्जाव असे. इ. स. १७६६ मध्ये सम्राट दुसरा जोसेफ याने हे रान सर्व लोकांस खुले केले. त्या वेळी तो अवघा पंचवीस वर्षांचा होता. त्याने नुसती फाटके उघडली असे नव्हे, तर कॉफी व खाद्यपदार्थ विकणाऱ्यांसही तेथे दुकाने थाटण्याची परवानगी दिली. बाहुल्यांचे खेळ आले, झोपाळे आले आणि पाहता पाहता रानाच्या एका कडेला कायमची जत्राच भरली. बाहुल्यांच्या खेळातील विदूषकावरून त्या भागास आजही लोक ‘वुर्स्टेलप्राटर’ म्हणतात.

सरदारांना हे रुचले नाही. आता आम्हांला आमच्या बरोबरीच्या लोकांतच वावरता येईल असे स्थान उरले नाही, अशी त्यांनी तक्रार केली. त्यावर जोसेफ उत्तरला, की मला माझ्या बरोबरीच्यांतच वावरावयाचे म्हटले, तर पूर्वजांच्या शवपेट्या ठेवलेल्या तळघरातच येरझारा घालीत बसावे लागेल! ही आख्यायिका व्हिएन्नात आवडीने सांगितली जाते. ती अक्षरशः खरी असो वा नसो, राजाचा स्वभाव तीत चांगला उतरला आहे.

याच राजाने १७७५ मध्ये औगार्टन नावाचे राजोद्यान खुले केले. त्याच्या प्रवेशद्वारावर जो लेख कोरला आहे, त्याचा आशय असा, की सर्व मानवांच्या आनंदासाठी हे स्थान त्यांच्या चाहत्याने अर्पण केले आहे. राजाने स्वतःचे नाव घातले नाही, पदव्या घातल्या नाहीत. आपल्या राजेरजवाड्यांचे शिलालेख ज्यांनी वाचले आहेत, त्यांना यातील नवल सहज कळेल.

औगार्टनमध्ये उन्हाळ्यात सकाळी संगीताच्या बैठकी होत. मोत्सार्ट या थोर संगीतकाराने १७८२ साली तेथे आपली रचना ऐकविली. परंतु सर्वांत लक्षात राहण्याजोगी सकाळ म्हणजे २४ मे १८०३ ची. त्या दिवशी आठ वाजता बेटोफन याची व्हायोलिन व पियानो यांसाठी रचलेली एक नवी कृती प्रथमच सादर व्हावयाची होती. पियानोवर स्वतः बेटोफन होता आणि व्हायोलिनवर जॉर्ज ब्रिजटॉवर नावाचा तरुण होता. ब्रिजटॉवरचे वडील आफ्रिकी वंशाचे होते आणि बालवयापासूनच त्याने युरोपातील राजधान्यांत वादन करून कीर्ती मिळविली होती. रचना इतकी ऐन वेळी पुरी झाली, की बेटोफनने पहाटे साडेचारला आपल्या शिष्यास बोलावून व्हायोलिनच्या भागाची नक्कल करावयास बसविले. तरी दुसऱ्या भागाची नक्कल झालीच नाही. ब्रिजटॉवरने तो भाग बेटोफनच्या गिचमिड हस्ताक्षरावरून, पूर्वतयारीवाचून वाजविला आणि श्रोत्यांनी तो पुन्हा वाजवावयास लावला. पुढे दोघांचे बिनसले. बेटोफनने ती कृती क्रॉयट्झर नावाच्या दुसऱ्या वादकास अर्पण केली. त्याने ती जाहीरपणे कधी वाजविली नाही. तरी जग आज तिला त्याच्याच नावाने ओळखते.

आता पाण्याकडे वळू. कॉफीबरोबर येणारा तो पाण्याचा पेला दिसावयास साधा आहे. पण तो मिळविण्यास व्हिएन्नाला फार कष्ट पडले. दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत नगरातील पुष्कळ घरे आपापल्या विहिरींवर अवलंबून असत. वस्ती वाढली तसे सांडपाणी जमिनीत मुरून विहिरींत उतरू लागले आणि विषमज्वर व पटकी यांनी माणसे मरू लागली. उन्हाळा हा सुखाचा काळ खरा, पण साथींचाही तोच काळ होता. एदुआर्द झ्यूस नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने असा आग्रह धरला, की नदीचे वा विहिरीचे पाणी सोडून थेट आल्प्स पर्वतातील झऱ्यांचे पाणी नगरात आणावे. खर्च मोठा होता आणि विरोधही पुष्कळ झाला. अखेर १८६४ मध्ये नगरसभेने ही योजना मान्य केली आणि २४ ऑक्टोबर १८७३ रोजी, एका मोठ्या कारंज्याची धार आकाशात उडवून, पहिल्या जलवाहिनीचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी व्हिएन्नात भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या काळात पटकीच्या साथीने पुन्हा थैमान घातले होते. त्यामुळे या पाण्याची थोरवी लोकांस निराळी सांगावी लागली नाही. १९१० मध्ये दुसरी, सुमारे १८० किलोमीटर लांबीची जलवाहिनी पुरी झाली. तिच्यातील पाणी पंपावाचून केवळ उतारावरून वाहत सुमारे ३६ तासांत नगरास पोचते. आज नगरात पिण्याच्या पाण्याचे हजाराहून अधिक सार्वजनिक नळ आहेत. वाटसरूने बाटली भरून घ्यावी नि पुढे चालू लागावे.

डॅन्यूब नदीशी मात्र या नगरीचा संसार सुखाचा नव्हता. श्ट्राउस या संगीतकाराने १८६७ मध्ये तिच्या नावाने एक नृत्यरचना केली आणि ती नदी निळी असल्याचा समज जगभर पसरला. खरे पाहता तिचे पाणी बहुधा हिरवट नाही तर मातकट दिसते. पुराच्या वेळी ती अनेक फाटे फोडून वस्तीत शिरत असे. १८७० ते १८७५ या काळात तिला एकच सरळ पात्र खोदून देण्यात आले. जुने वळण मागे पडून त्याचे लांबट तळे बनले. त्यास ‘जुनी डॅन्यूब’ म्हणतात. या तळ्यातील एका बेटावर नगरपालिकेने १९०७ मध्ये स्नानाचे ठिकाण काढले. त्याचे नाव गेन्झेहॉयफल. स्त्रिया, पुरुष व मुले यांनी एकाच किनाऱ्यावर पोहण्याची तेथे सोय होती आणि त्या काळी ही गोष्ट धाडसाची वाटली. महायुद्धात बॉम्बवर्षावाने ते उद्ध्वस्त झाले. युद्धानंतर घरांचीही टंचाई असताना नगरपालिकेने ते पुन्हा बांधून १९५० मध्ये खुले केले.

१९१८ मध्ये पहिले महायुद्ध संपले, तेव्हा व्हिएन्ना उपाशी होती. कोंदट, अंधाऱ्या चाळींत क्षयरोग इतका पसरला होता, की त्या रोगास ‘व्हिएन्नाचा रोग’ असे नाव पडले होते. नगराच्या आरोग्यखात्याची धुरा वाहणारे युलियुस टांडलर हे स्वतः वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक होते. सूर्यप्रकाश, पाणी आणि मोकळी हवा ही मुलांची औषधे आहेत, असे त्यांच्या काळातील नगरपालिकेने मानले आणि ठिकठिकाणच्या उद्यानांत मुलांसाठी उथळ हौद बांधले. तेथे प्रवेशास पैसा पडत नसे. ज्यांना सुट्टीत गाव नव्हते, मामाचे घर नव्हते, अशी हजारो मुले त्या हौदांत डुंबली.

यानंतरची हकीकत सांगताना जड वाटते. व्हिएन्नात ज्यू धर्मीयांची वस्ती मोठी होती. संगीत, वैद्यक, विज्ञान आणि खेळ या सर्व क्षेत्रांत ते अग्रेसर होते. ‘हाकोआ’ नावाच्या त्यांच्या क्रीडामंडळातील युडिट डॉइच, रूथ लांगर आणि लूत्सी गोल्डनर या तीन मुली पोहण्यात देशात नावाजलेल्या होत्या. रूथ तर अवघी पंधरा वर्षांची होती. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी तिघींची निवड झाली. परंतु ज्या जर्मनीत आपल्या बांधवांचा छळ होत आहे, तेथे आपण पोहणार नाही, असे त्यांनी कळविले. त्यांना स्पर्धांतून बाद करण्यात आले आणि त्यांचे विक्रम नोंदपुस्तकातून खोडले गेले. मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या सैन्याने ऑस्ट्रिया घेतला आणि थोड्याच दिवसांत ज्यूंना उद्यानांतील बाकांवर बसण्यास व स्नानगृहांत जाण्यास बंदी झाली. ज्या सुखांची दारे दीडशे-पावणेदोनशे वर्षांत एक एक करून उघडली होती, ती त्यांच्यापुरती काही आठवड्यांत बंद झाली.

प्राटरमध्ये १८९७ साली बांधलेला सुमारे ६५ मीटर उंचीचा एक आकाशपाळणा आहे. आपल्या जत्रेतील पाळण्याप्रमाणे तो गरगरत नाही. माणसाच्या चालीपेक्षाही मंद गतीने फिरतो आणि वर गेले म्हणजे सारे नगर पायाशी दिसते. त्याचा मालक एदुआर्द श्टाइनर हा ज्यू होता. त्याच्याकडून तो हिरावून घेण्यात आला आणि १९४४ मध्ये आउश्वित्सच्या छावणीत त्याची हत्या झाली. त्याच वर्षी आगीत पाळण्याचे डबेही जळाले. युद्धानंतर तो पुन्हा उभारला, तेव्हा पूर्वीच्या तीस डब्यांऐवजी पंधराच बसविले. आज त्यात बसणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे. त्या तीन मुलींपैकी युडिट डॉइच हिची ऑस्ट्रियाच्या जलतरण संघटनेने १९९५ मध्ये माफी मागितली आणि तिचे विक्रम पुन्हा नोंदले. मधे एकोणसाठ वर्षे गेली होती.

नगरीच्या उन्हाळ्यात पडलेली मोठी नवी भर म्हणजे डॅन्यूबचे बेट. १९५४ च्या पुरानंतर नदीस समांतर असा दुसरा कालवा खोदावयाचे ठरले. १९७२ ते १९८८ पर्यंत ते काम चालले. खोदलेल्या मातीतून नदी व कालवा यांच्यामध्ये २१ किलोमीटर लांबीचे अरुंद बेट तयार झाले. मूळ हेतू केवळ पुरापासून रक्षणाचा. पण या जमिनीवर इमारती न बांधता ती लोकांस फिरावयास, पोहावयास व सायकली चालवावयास मोकळी ठेवावी, असा निर्णय झाला. शहरातील भूमी सोन्याच्या भावाने विकली जात असताना असा निर्णय घेणे सोपे नसते. तेथे पोहण्यास तिकीट नाही. १९८४ पासून भरणारा संगीताचा मोठा उत्सवही विनामूल्य असतो. पूर आला, की उत्सवाचे बेट पाण्याच्या वाटेत निमूट उभे राहते आणि कालव्याचे दरवाजे उघडतात. जून २०१३ च्या मोठ्या पुरात नगर त्यामुळे बचावले.

गेल्या काही दशकांत तेथेही ३० अंशांवरचे दिवस वाढले आहेत. जुन्या दगडी घरांत वातानुकूलन यंत्रे थोडी. म्हणून सावली आणि पाणी यांची गरज पूर्वीहून अधिक भासते.

जुलै व ऑगस्टमध्ये व्हिएन्नाचे प्रसिद्ध संगीतनाट्यगृह बंद असते. तथापि संगीतावाचून या लोकांचे चालत नाही. १९९१ पासून दर उन्हाळ्यात नगरभवनासमोरील चौकात भला मोठा पडदा उभारून त्यावर संगीतनाटके व मैफली दाखवितात. नाट्यगृहातील उत्तम आसनासाठी मोठी रक्कम मोजावी लागते; येथे जो आधी येईल त्याने बसावे. अंधार पडल्यावाचून पडद्यावर काही दिसत नाही आणि अंधार तर लवकर पडत नाही. म्हणून लोक वाट पाहत बसतात. कोणी घरून आणलेली न्याहारी सोडतो, मुले कारंज्याजवळ धावतात, वृद्ध जोडपी पुढची खुर्ची धरून ठेवतात. साडेनऊच्या सुमारास वाद्ये सूर लावू लागतात आणि गलका हळूहळू शमतो. कार्यक्रम संपला, की चौकातील नळापाशी माणसे क्षणभर थांबून ओंजळीने पाणी पितात. ते पाणी एक-दीड दिवसापूर्वी पर्वतात होते.