विंडोज दहाचं काय करायचं?

वसुबारसेच्या तीन दिवस आधी, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सपोर्ट थांबवला. त्या दिवशी कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला नाही. मारेगावात सोयाबीनची मळणी, कापसाची वेचणी आणि दिवाळीची साफसफाई यांच्या गर्दीत अनेकांना ही तारीख कळलीही नसेल. ज्यांच्या पडद्यावर सूचना झळकली, त्यांनी ती बंद करून पुढचं काम सुरू केलं.

प्रश्न मात्र खरा आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेला, वणीच्या अलीकडे असलेल्या या तालुक्याच्या गावात घरचा कॉम्प्युटर ही काही दर तीन वर्षांनी बदलायची वस्तू नाही. तो मुलाच्या बारावीनंतर घेतलेला असतो, कापसाच्या चुकाऱ्यातून किंवा पगाराच्या हप्त्यांवर. मोठी दुरुस्ती निघाली की वणी गाठावी लागते. अशा घरात ‘तुमचा पीसी विंडोज ११साठी पात्र नाही’ असं वाक्य उमटलं की माणूस दुकानदाराला विचारतो, आणि उत्तरं तीन मिळतात. एक म्हणतो, नवा लॅपटॉप घ्या. दुसरा म्हणतो, आणा इकडे, अकरा मारून देतो. तिसरा म्हणतो, काही होत नाही, चालू द्या. या तिन्ही उत्तरांत तथ्य आहे. कुणाला कोणतं लागू पडेल, हे त्या कॉम्प्युटरवर काय काम चालतं त्यावर ठरतं.

सपोर्ट संपला म्हणजे नेमकं काय झालं? विंडोजमध्ये सुरक्षेच्या त्रुटी सतत सापडत असतात आणि दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी त्यांच्यावरची दुरुस्ती येते. विंडोज १०साठी ती फुकट आणि आपोआप यायची बंद झाली. धोका यापुढे वाढतो, त्याला कारण आहे. दहा आणि अकरा या प्रणालींचा बराचसा गाभा एकच. अकरासाठी दुरुस्ती आली की जगभरचे चोर ती उलगडून बघतात, भोक कुठे होतं ते शोधतात आणि तेच भोक दहामध्ये उघडं असेल तर तिथून शिरतात.

याचं मोठं उदाहरण मे २०१७मध्ये जगाने पाहिलं. ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम दीडशेच्या आसपास देशांत पसरला. फाइली कुलूपबंद करायच्या आणि किल्लीसाठी पैसे मागायचे, हा त्याचा धंदा. ज्या भोकातून तो शिरला त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही ते सापडले. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ला संपलेला असूनही कंपनीला त्यासाठी खास दुरुस्ती काढावी लागली. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ आला. त्याने हेच भोक वापरलं, शिवाय चोरलेले पासवर्डही वापरले. त्याचा फटका थेट महाराष्ट्राला बसला. नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं आणि कंटेनर अडकून पडले.

जुन्या प्रणालीला चिकटून राहण्यात बँकाही मागे नव्हत्या. देशातली कितीतरी एटीएम यंत्रं एक्सपीवरच चालू होती. शेवटी जून २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं आणि जुन्या प्रणालीवरची सगळी यंत्रं टप्प्याटप्प्याने जून २०१९पर्यंत बदलण्याची मुदत बँकांना घालून दिली.

पण घाबरून लगेच पैसे खर्च करण्याचंही कारण नाही. विंडोज ७चा अनुभव समोर आहे. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२०ला संपला, तरी क्रोम ब्राउझर त्यावर २०२३च्या सुरुवातीपर्यंत अद्ययावत होत राहिला. विंडोज १०मधल्या डिफेंडर या अँटीव्हायरसला नव्या विषाणूंची माहिती ऑक्टोबर २०२८पर्यंत मिळत राहील, असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं आहे. मात्र अँटीव्हायरस ओळखीच्या चोराला पकडतो, प्रणालीतलं भोक बुजवत नाही.

शिवाय एक वर्षाची सवलतही आहे. ‘एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स’ या योजनेत घरगुती ग्राहकाला १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. त्यासाठी ३० डॉलर किंवा तेवढ्या किमतीचे रुपये भरावे लागतात. पैसे द्यायचे नसतील तर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप कंपनीच्या क्लाउडवर ठेवायचा, किंवा त्यांच्या रिवॉर्ड योजनेतले १००० गुण वापरायचे. सेटिंग्जमध्ये ‘विंडोज अपडेट’च्या पानावर ही नोंदणी होते. आधी विंडोज १०ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती बसलेली हवी. ज्या घरात निर्णय होत नाही, त्या घराने निदान हे करून घ्यावं. खिशातून काही न देता वर्षभराची उसंत मिळते.

आता अकराची पात्रता. चार जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा या अटी बहुतेक यंत्रं पुरी करतात. अडतं ते दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे ‘टीपीएम २.०’, कॉम्प्युटरमधला गुप्त किल्ल्या सांभाळणारा भाग. अनेक यंत्रांत तो असतो, पण बायोसमध्ये बंद ठेवलेला असतो. तो चालू केला की ‘अपात्र’ कॉम्प्युटर पात्र ठरू शकतो. नव्या लॅपटॉपचा विचार करण्याआधी दुकानदाराला एवढं तपासायला लावावं.

दुसरं म्हणजे प्रोसेसर, आणि आपल्याकडची बरीच घरं इथेच अडकतात. इंटेलच्या बाबतीत, थोडे अपवाद सोडले तर, आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. लॅपटॉपच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडलं की प्रोसेसरचं नाव दिसतं. आय३ किंवा आय५च्या पुढे चार आकडी क्रमांक असेल तर त्यातला पहिला आकडा पिढी सांगतो; तो १ असेल तर पहिले दोन आकडे. ‘आय५-८२५०यू’ आठव्या पिढीचा, तो चालतो. ‘आय५-७२००यू’ सातव्या पिढीचा, तो चालत नाही. स्वस्त लॅपटॉपांत सर्रास आलेला ‘आय३-६००६यू’ सहाव्या पिढीचा आहे. त्याच्यामागून २०१८मध्ये आलेला ‘आय३-७०२०यू’ सातव्या पिढीचा. म्हणजे २०१८-१९मध्ये कोरा करकरीत म्हणून घेतलेला लॅपटॉपही यादीबाहेर राहू शकतो. ग्राहकाची यात काहीच चूक नाही. जगभर असे किती कॉम्प्युटर भंगारात जातील याचा कॅनालिस या संस्थेने २०२३मध्ये काढलेला अंदाज होता २४ कोटी. चालती यंत्रं अशी बाद ठरवणं हा ग्राहकांवरचा अन्याय आहे, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

अशा यंत्रावरही तपासणीला बगल देऊन ‘अकरा मारता’ येतं. मग अपडेट मिळण्याचा हक्क राहणार नाही, हे मायक्रोसॉफ्टने सांगून ठेवलं आहे. आज मिळतात, उद्या अडू शकतात. आणि अकरा मारताना सोबत क्रॅकही मारला जात असेल, तर ज्या सुरक्षेसाठी हा खटाटोप केला तीच गेली, कारण फुकटात विंडोज चालू करून देणाऱ्या प्रोग्रामांतून विषाणू येण्याचं प्रमाण मोठं आहे. बीएसए या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेच्या पाहणीनुसार २०१७मध्ये भारतातलं ५६ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना होतं. ज्याचं विंडोज १० अस्सल आणि यंत्र पात्र आहे, त्याला अकरा फुकटच मिळतं.

यापुढचा मुद्दा मराठी घरांचा खास आहे आणि इंग्रजी मार्गदर्शनांत त्याचा उल्लेखही नसतो. तो म्हणजे फॉन्ट. एमएस-सीआयटीच्या पहिल्या काही वर्षांत कॉम्प्युटर शिकलेल्या पिढीने मराठी लिहिलं ते श्रीलिपीत, कृतिदेवमध्ये किंवा सी-डॅकच्या सुरेख फॉन्टमध्ये. या जुन्या फॉन्टांची रीत अशी की फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठवायचे आणि त्यांच्यावर मराठी वळणं चढवायची. फॉन्ट असेपर्यंत सगळं सुरळीत. नव्या यंत्रावर तीच फाइल उघडली की ‘महाराष्ट्र’च्या जागी इंग्रजी अक्षरं, अवतरणं नि टोप्या यांचा गोंधळ दिसतो. शाळेचे जुने अहवाल, पतसंस्थेची इतिवृत्तं, लग्नपत्रिकांचे मजकूर, कुणाच्या वडिलांनी टाइप करून ठेवलेल्या आठवणी, सगळं त्यात असतं. फॉन्टची फाइल जुन्या कॉम्प्युटरवरून उचलून घेतली तर बहुतेक वेळा निभावतं.

डीटीपी करणाऱ्याचं दुखणं याहून मोठं. मराठी छपाईचा डोलारा कित्येक वर्षं पेजमेकर आणि श्रीलिपी या जोडीवर उभा होता. दिवाळी अंकही त्यातच जुळले. पेजमेकरची ७ ही शेवटची आवृत्ती या शतकाच्या सुरुवातीची आहे. श्रीलिपीच्या जुन्या आवृत्त्यांना तर कॉम्प्युटरच्या पाठीत खोचायचं हार्डवेअर लॉक लागतं, आणि त्या लॉकचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालेलच असं नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटचं येतं. ३२ बिटचे प्रोग्राम त्यावर चालतात, पण ३२ बिटचे ड्रायव्हर चालत नाहीत आणि त्याहून जुने १६ बिटचे प्रोग्राम मुळीच चालत नाहीत. ज्याची रोजीरोटी अशा जुळणीवर आहे, त्याने तो कॉम्प्युटर आहे तसाच ठेवावा, इंटरनेटची वायर काढून टाकावी आणि मेल, बँक, फॉर्म यांसाठी दुसरं यंत्र वापरावं. सोबत जुना मजकूर युनिकोडमध्ये आणायचं काम हाती घ्यावं. फॉन्ट बदलून देणारी साधनं उपलब्ध आहेत, पण जोडाक्षरं चुकतात. रूपांतर झालेलं पान मुद्रितासारखं वाचून काढायलाच हवं.

फॉन्टइतकाच घोळ प्रिंटर आणि यूएसबीला लावायच्या यंत्रांचा. घरी सेवा केंद्र चालवणाऱ्याकडे अंगठा घेणारं यंत्र असतं, कंत्राटदाराकडे डिजिटल सहीचं टोकन. नव्या प्रणालीसाठी त्यांचे ड्रायव्हर आहेत की नाहीत, हे बनवणाऱ्या कंपनीच्या पानावर आधी बघावं आणि मगच हात घालावा. सोयाबीन विक्रीच्या, शिष्यवृत्तीच्या किंवा परीक्षा-अर्जाच्या ऐन मुदतीत हे काम काढू नये.

लिनक्सचा रस्ता लोकांना वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. सी-डॅकने ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स २००७मध्येच आणली. केरळच्या सरकारी शाळांत ‘काइट’ या सरकारी संस्थेने उबुंटूवर बेतलेली प्रणाली चालवून दाखवली आहे, तीही हजारो शाळांमधून. पात्रतेत नापास झालेल्या ‘आय३-६००६यू’वर लिनक्स मिंट आरामात चालतं. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. युनिकोड मराठी, इनस्क्रिप्ट कळफलक, ब्राउझर, व्हिडिओ, लिब्रेऑफिस हे सगळं मिळतं. पेनड्राइव्हवरून चालवून बघायची सोय आहे, आतल्या विंडोजला धक्का न लावता. मात्र टॅली हवं असेल तर हा रस्ता नाही. आपल्याकडे ठिकठिकाणी दिसणारा कॅननचा एलबीपी २९००बी प्रिंटरही लिनक्सवर त्रास देतो.

मारेगावच्या बहुतेक घरांतली सरकारी कामं आता फोनवर गेली आहेत. पीक पाहणी फोनवर होते, कापूस महामंडळाची २०२५ची नोंदणी ‘कपास किसान’ ॲपवर झाली, पेन्शनरांचा हयातीचा दाखलाही चेहरा दाखवून फोनवर निघतो. मग घरच्या कॉम्प्युटरवर उरतं ते मुलांचा अभ्यास, टायपिंग, फोटो आणि क्वचित ऑनलाइन व्यवहार. एवढ्यासाठी पन्नास हजारांचा लॅपटॉप नको. पात्र यंत्रावर अकरा घ्यावं. नापास यंत्रावर मोफत नोंदणी करावी आणि सवलतीच्या काळात लिनक्स आजमावून बघावं. बँकेचे व्यवहार, टॅली किंवा सेवा केंद्र त्याच कॉम्प्युटरवर चालत असेल, तरच नव्या यंत्राचा खर्च योग्य.

कोणताही निर्णय घ्या, त्याआधी बॅकअप. ऑक्टोबर २०१८मध्ये मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं अपडेट काही लोकांच्या फाइली पुसून गेलं आणि कंपनीला ते मागे घ्यावं लागलं. दुकानात तर सी ड्राइव्ह फॉरमॅट मारला जातो, आणि डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं सी ड्राइव्हमध्येच असतं, हे अनेकांना तेव्हा कळतं. लग्नाचे फोटो, सातबाऱ्याच्या प्रती, मार्कशीट आणि फॉन्टचं अख्खं फोल्डर वेगळ्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. नव्या विंडोज ११मध्ये अनेकदा डिस्क आपोआप कुलूपबंद होते. तिची ४८ आकडी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. ती कागदावर उतरवून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवा. खातं कुणा दुकानदाराच्या मोबाइल नंबरावर उघडू देऊ नका.

सवलतीचं वर्ष १३ ऑक्टोबर २०२६ला संपेल. २०२६मधलं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे हा निर्णय त्या दिवाळीच्या खरेदीपर्यंत थांबणार नाही.